फील्ड फायनल असूनही ऑब्जेक्ट बदलतो: जावातील इम्युटेबल क्लासचा पुन्हा पुन्हा डोके वर काढणारा दोष

एका सहकारी पतसंस्थेच्या कर्जप्रणालीची देखभाल मी काही वर्षे करीत होतो. तेथून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक तक्रार हमखास येत असे, आणि तिचे शब्दही जवळजवळ ठरलेले असत: "साहेब, सकाळी बरोबर दाखवत होतं, दुपारनंतर पुन्हा तारखा सरकल्या." काही कर्जखात्यांचा वितरण दिनांक पडद्यावर चुकीचा दिसे, त्यावर आधारलेली व्याज आकारणी कमी येई, आणि डेटाबेस उघडून पाहावा तर तेथे दिनांक अगदी बरोबर असे. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की सारे जागच्या जागी येई. शेवटी शेवटी तर लेखा विभागाने "तारखा सरकल्यास सर्व्हर रीस्टार्ट करणे" अशी सूचनाच वहीत लिहून ठेवली होती.

ज्या क्लासमध्ये (ऑब्जेक्ट ज्यावरून बनतात त्या साच्यात) हा दोष होता तो वरवर पाहता निर्दोष होता. कर्जखाते नावाच्या त्या क्लासमध्ये माहिती ठेवणारी चार फील्ड होती: खाते क्रमांक ही स्ट्रिंग, वितरण दिनांक हा जावा.युटिल.डेट, मुद्दल हा बिगडेसिमल (अचूक दशांश संख्या), आणि हप्त्यांची लिस्ट. चारही फील्ड प्रायव्हेट आणि फायनल होती, एकही सेटर (फील्डचे मूल्य बदलणारी मेथड) नव्हता, आणि क्लासच्या डोक्यावर "हा क्लास इम्युटेबल आहे" अशी टिप्पणी होती, म्हणजे त्याचा ऑब्जेक्ट एकदा बनला की बदलत नाही. खाती डेटाबेसमधून सकाळी एकदा वाचून मेमरीतील कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवली जात आणि दिवसभर सर्व मॉड्यूल तीच वापरत. ऑब्जेक्ट बदलणारच नाहीत, या भरवशावर ही सारी रचना उभी होती.

दिनांक कसा सरकला

फायनल हा शब्द फील्डला लावलेला असतो, फील्ड ज्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवते त्या ऑब्जेक्टला नव्हे. दारावरची पाटी खिळे ठोकून पक्की केली, म्हणून घरातले सामान हलवता येत नाही असे होत नाही. वितरण दिनांकाचे फील्ड कायम एकाच डेट ऑब्जेक्टकडे बोट दाखवणार, एवढीच हमी फायनल देतो. आणि डेट हा ऑब्जेक्ट तर बदलता येण्यासारखाच बनवलेला आहे. त्याच्यावर सेटटाइम, सेटमंथ, सेटडेट अशा मेथड आहेत. त्यांतील सेटमंथ आणि सेटडेट जावा १.१ पासून कालबाह्य ठरवलेल्या असल्या तरी आजही चालतात.

आमच्या थकबाकी अहवालात पुढील बारा हप्त्यांच्या तारखा छापण्यासाठी एक लूप होता. तो गेटरकडून (फील्डचे मूल्य देणाऱ्या मेथडकडून) वितरण दिनांक घेई, त्याचा महिना सेटमंथने एकाने वाढवी, तारीख छापी, आणि पुन्हा वाढवी. गेटर मात्र आतल्याच डेटचा रेफरन्स (त्याच ऑब्जेक्टकडे नेणारा पत्ता) हाती देत होता, त्यामुळे अहवाल जी तारीख पुढे ढकलत होता ती कॅशमधील खात्याचीच होती. ३१ जानेवारी २०१९ रोजी वितरित झालेले कर्ज घ्या. पहिल्या फेरीत महिना फेब्रुवारी झाला, परंतु ३१ फेब्रुवारी अशी तारीख अस्तित्वात नसल्याने डेट पुढे घरंगळून ३ मार्च झाली. उरलेल्या अकरा फेऱ्यांनंतर ती ३ फेब्रुवारी २०२० वर येऊन थांबली. एकदा अहवाल काढला आणि वितरण दिनांक ३६८ दिवसांनी पुढे गेला. दुसऱ्यांदा काढला की त्यात नेमके एक वर्ष आणखी वाढले. दहा तारखेला वितरित झालेले खाते पहिल्या वेळीच बरोबर एक वर्ष सरके, आणि अशी "गोल" चूक पाहणाऱ्याला टंकनदोषच वाटे. तक्रार महिन्याच्या सुरुवातीलाच का येई, याचे कारणही एवढेच होते की थकबाकी अहवाल त्याच दिवसांत काढला जाई.

डिबगर गप्प का बसतो

या दोषाचा छडा लावताना बहुतेक जण पहिल्यांदा जे करतात तेच मीही केले, आणि दोन दिवस वाया घालवले. चालता प्रोग्राम थांबवून आत पाहू देणाऱ्या डिबगरमध्ये मी वितरण दिनांकाच्या फील्डवर वॉचपॉइंट (फील्ड बदलताच थांबवणारी खूण) लावला आणि तो केव्हा थांबतो याची वाट पाहत बसलो. तो कधीच थांबला नाही, आणि थांबणारही नव्हता, कारण वॉचपॉइंट फील्डमध्ये नवा रेफरन्स लिहिला गेला तरच थांबतो आणि ते फील्ड तर फायनल होते. बदल फील्डमध्ये नव्हे, तर फील्डच्या पलीकडच्या ऑब्जेक्टच्या पोटात होत होता.

ब्रेकपॉइंट (मेथड चालू होताच थांबवणारी खूण) लावायचा तर तो डेटच्या सेटमंथ आणि सेटटाइम या मेथडवर लावावा. इंटेलिजे आणि इक्लिप्स या कोड लिहिण्याच्या दोन्ही साधनांत एका विशिष्ट ऑब्जेक्टपुरताच थांबा अशी अट घालता येते, ती जरूर घालावी. नाहीतर दिवसभरात हजारो ठिकाणी थांबत बसावे लागते. जिथे डिबगर जोडता येत नाही अशा चाचणी सर्व्हरवर मला दुसरी एक युक्ती फार उपयोगी पडली. डेटचा एक छोटा सबक्लास (वारसा घेणारा क्लास) लिहावा, त्यातील सर्व सेट मेथड ओव्हरराइड करून (नव्याने लिहून) त्यांतून अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन (मनाई असल्याची चूक) फेकावे, आणि कॅश भरताना साध्या डेटऐवजी हा सापळा खात्यात ठेवावा. जो कोणी तारखेला हात लावील त्याचा पूर्ण स्टॅकट्रेस (कोणत्या मेथडने कोणाला बोलावले याची साखळी) लॉगमध्ये उमटतो. आमच्या लॉगमध्ये पहिल्याच दुपारी तीन निरनिराळ्या क्लासची नावे आली. त्यांतील एक थकबाकी अहवालाचे होते. उरलेल्या दोहोंबद्दल आम्हाला तोवर काहीच कल्पना नव्हती.

जी दुरुस्ती पुरत नाही

या सापळ्याआधी वर्षभरात हा दोष दोनदा "दुरुस्त" झाला होता. दोन्ही वेळा ज्या अहवालात चूक दिसली त्या अहवालातच तारखेची प्रत काढून घेण्याची ओळ घातली गेली, आणि तिकीट बंद झाले. ही दुरुस्ती त्या अहवालापुरती बरोबर होती. पण दार उघडे ठेवून आत आलेल्या एकेका मांजराला हाकलण्यासारखी होती. पुढच्या वेळी नवे मॉड्यूल लिहिणाऱ्याला त्या उघड्या दाराची माहिती असण्याचे कारण नव्हते. दोष पुन्हा पुन्हा उद्भवतो तो यामुळे: बदल जिथे दिसला तिथे दुरुस्ती होते, रेफरन्स जिथून निसटला तिथे होत नाही.

रेफरन्स निसटण्याच्या जागा क्लासच्या स्वतःच्या हद्दीत असतात, म्हणून दुरुस्तीही तिथेच हवी. गेटरने आतल्या डेटची नवी प्रत द्यावी हे बहुतेकांना सुचते. ऑब्जेक्ट बनवणाऱ्या कन्स्ट्रक्टरकडे मात्र दुर्लक्ष होते. बाहेरून आलेला डेट कन्स्ट्रक्टरने जसाच्या तसा फील्डमध्ये ठेवला, तर तो ज्याने दिला त्याच्या हातात त्याचा रेफरन्स अजूनही असतो, आणि ऑब्जेक्ट तयार झाल्यावर तो त्यात सुखेनैव बदल करू शकतो. तेव्हा आत येतानाही प्रत, बाहेर जातानाही प्रत.

आत येताना प्रत काढण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. आधी प्रत काढावी आणि मग त्या प्रतीवर पडताळणी करावी. उलट केले तर पडताळणी आणि प्रत यांच्या मधल्या क्षणी दुसरा थ्रेड (समांतर चालणारा कामाचा प्रवाह) मूळ तारीख बदलू शकतो आणि पडताळणीतून न गेलेली तारीख आत जाते. शिवाय प्रत क्लोन मेथडने काढू नये. डेट हा क्लास फायनल नाही, त्यामुळे येणारा ऑब्जेक्ट त्याचा एखादा सबक्लास असू शकतो, आणि त्याचे क्लोन कोणता ऑब्जेक्ट परत देईल याची शाश्वती नसते. गेटटाइममधून मिळणाऱ्या मिलिसेकंदांवरून नवा डेट बनवावा. याचा एक अवांतर फायदाही होतो: डेटाबेसमधून येणारा ऑब्जेक्ट पुष्कळदा डेट नसून त्याचा सबक्लास टाइमस्टॅम्प असतो, आणि या दोघांची इक्वल्स (समानता तपासणारी मेथड) परस्परांशी जुळत नाही. डेटने टाइमस्टॅम्पला समान म्हटले तरी टाइमस्टॅम्प डेटला समान म्हणत नाही. नवा डेट बनवला की हे भांडण दारातच मिटते.

तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की आज नव्याने लिहिल्या जाणाऱ्या क्लासमध्ये डेटच्या प्रती काढत बसणे ही केवळ मलमपट्टी आहे. मार्च २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ पासून जावा.टाइम हे पॅकेज उपलब्ध आहे. त्यातील लोकलडेट, लोकलडेटटाइम, इन्स्टंट हे सर्व क्लास स्वतःच इम्युटेबल आणि फायनल आहेत; त्यांची प्रत काढण्याची गरज पडत नाही, ना आत येताना, ना बाहेर जाताना. वितरण दिनांकाला वेळ नसतेच, तेव्हा त्याचा खरा प्रकार लोकलडेट हाच आहे. आम्ही तो बदलला आणि सरकणाऱ्या तारखांची तक्रार कायमची बंद झाली. त्याच बदलातून एक वेगळी तक्रार जन्माला आली. तिच्याकडे शेवटी वळू.

लिस्टची बाजू

दिनांकाचा प्रश्न सुटला तरी हप्त्यांच्या लिस्टचा दोष वेगळाच निघाला, आणि तो अधिक फसवा होता. कोणीतरी पूर्वी काळजी घेऊन कन्स्ट्रक्टरमध्ये आलेली लिस्ट कलेक्शन्स.अनमॉडिफायेबललिस्ट या मेथडमधून काढून फील्डमध्ये ठेवली होती. गेटरकडून मिळालेल्या लिस्टवर अ‍ॅड म्हटले की एक्सेप्शन येई, त्यामुळे सर्वांना ती सुरक्षित वाटत होती. तरीही एके दिवशी नव्या कॅश लोडरनंतर सर्व खात्यांना एकाच खात्याचे हप्ते दिसू लागले. पाहावे ते खाते, हप्ते मात्र यादीतल्या शेवटच्या कर्जदाराचे.

लोडर लिहिणाऱ्याने मेमरी वाचवण्याच्या सद्हेतूने लूपबाहेर एकच अ‍ॅरेलिस्ट बनवली होती. प्रत्येक खात्यासाठी तो ती क्लिअर करी, हप्ते भरी, आणि कन्स्ट्रक्टरला देई. अनमॉडिफायेबललिस्ट ही प्रत नव्हे, ती मूळ लिस्टकडे पाहण्याची एक खिडकी आहे. खिडकीतून हात आत घालता येत नाही हे खरे, पण खोलीत दुसरा कोणी सामान हलवत असेल तर खिडकीतून ते हलताना दिसणारच. सर्व खात्यांच्या खिडक्या एकाच खोलीत उघडत होत्या.

यावर उपाय म्हणजे जावा १० मध्ये आलेली लिस्ट.कॉपीऑफ ही मेथड. ती खरी प्रत काढते आणि ती प्रतही बदलता येत नाही. दिलेली लिस्ट आधीच लिस्ट.ऑफ किंवा लिस्ट.कॉपीऑफ यांनी बनवलेली असेल तर नवी प्रत न काढता तीच परत देते, त्यामुळे "प्रतींचा खर्च परवडणार नाही" हा नेहमीचा आक्षेप बराचसा गळून पडतो. जावा ८ वर अडकलेल्यांनी आधी नवी अ‍ॅरेलिस्ट बनवून मग ती अनमॉडिफायेबललिस्टमध्ये गुंडाळावी, परिणाम तोच. अ‍ॅरेज.अ‍ॅझलिस्टला मात्र या कामी वापरू नये. तिच्यात अ‍ॅड चालत नाही एवढ्यावरून ती स्थिर आहे असा समज होतो, परंतु सेट चालते आणि ते थेट मूळ अ‍ॅरेमध्ये जाऊन लिहिते.

लिस्ट.कॉपीऑफ वापरताच आमच्याकडे नलपॉइंटरएक्सेप्शनची रांग लागली, कारण ही मेथड नल (रिकामा) घटक स्वीकारत नाही आणि आमच्या लिस्टमध्ये न भरलेल्या हप्त्याच्या जागी नल ठेवण्याची जुनी पद्धत होती. येथे काही जणांनी जुन्या खिडकीकडे परतण्याचा आग्रह धरला. मी तो मानला नाही. न भरलेला हप्ता हाही एक हप्ता आहे, त्याला देय तारीख आहे, रक्कम आहे. त्याच्या जागी नल ठेवणे हीच मुळातली चूक होती, आणि एक्सेप्शनने ती उघडी पाडली.

एवढे होऊनही काम संपत नाही. लिस्ट स्थिर झाली तरी तिच्यातील हप्ता या ऑब्जेक्टला "भरला" असे नोंदवणारा सेटर असेल तर खाते पुन्हा बदलतेच. लिस्ट.कॉपीऑफ घटकांच्या प्रती काढत नाही, फक्त रेफरन्सची नवी रांग लावते. खात्यापासून जेवढ्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचता येते ते सगळे स्थिर असल्याशिवाय खाते स्थिर म्हणता येत नाही. म्हणून हप्त्याचा सेटर काढून, भरलेला नवा हप्ता परत देणारी मेथड लिहावी लागली.

हॅशमॅपमधून गायब होणारे खाते

याच दोषाचे आणखी एक रूप आहे, आणि ते भेटले की लोक हॅशमॅपलाच नावे ठेवू लागतात. वसुलीच्या मॉड्यूलमधील हॅशमॅपमध्ये कर्जखाते हीच की (नोंद शोधण्याची किल्ली) म्हणून वापरलेली होती, आणि खात्याचे हॅशकोड (ऑब्जेक्टच्या मूल्यांवरून काढलेला अंक) वितरण दिनांकासह काढले जात होते. दिनांक सरकला की गेट मेथड नल देई, कंटेन्सकी फॉल्स म्हणे, पण मॅपवर लूप फिरवला तर ते खाते समोर हजर असे. रिमूव्ह केले तरी जात नसे. तेच खाते पुन्हा घातले की एकाच्या दोन नोंदी होत, आणि दिवसभरात मॅप फुगत जाई.

कारण सरळ आहे. पुट करतेवेळी हॅशमॅप कीचे हॅशकोड काढून नोंदीसोबत साठवून ठेवतो आणि त्यावरून कप्पा ठरवतो. नंतर की बदलली तरी नोंद जुन्याच कप्प्यात जुन्याच हॅशसह पडून राहते. गेट मात्र नव्या हॅशने नव्या कप्प्यात शोधते. योगायोगाने कप्पा तोच निघाला तरी साठवलेला हॅश जुळत नाही. मॅप मोठा होताना कप्पे नव्याने वाटले जातात, तेव्हाही साठवलेलाच हॅश वापरला जात असल्याने दोष आपोआप बरा होत नाही.

निदानाची एक झटपट कसोटी सांगतो. जुन्या मॅपवरून नवा हॅशमॅप बनवावा आणि त्यात तीच की शोधावी. नव्या मॅपमध्ये प्रत्येक कीचे हॅशकोड नव्याने काढले जाते, त्यामुळे जुन्यात न सापडलेली की नव्यात सापडली तर ती मॅपमध्ये असताना बदलली, हे जवळजवळ सिद्ध झाले. कसोटी म्हणून हे उत्तम, उपाय म्हणून मात्र ठेवून देऊ नये. आमच्याकडे कोणीतरी दर तासाला मॅप नव्याने बांधण्याचे काम शेड्युलरवर टाकले होते. ते काढून टाकताना सर्वांत जास्त विरोध झाला, कारण "त्याने चालतं ना" हे उत्तर तयार होते.

वारसा, आणि अर्धवट ऑब्जेक्ट

क्लास फायनल नसेल तर त्याचा सबक्लास गेटर ओव्हरराइड करून दर वेळी वेगळे उत्तर देऊ शकतो, आणि मूळ क्लास कितीही काटेकोर असला तरी त्याचा उपयोग राहत नाही. क्लास फायनल करावा, किंवा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट ठेवून स्टॅटिक मेथडने ऑब्जेक्ट द्यावा. जावाच्या स्वतःच्या ग्रंथालयातही ही चूक आहे: बिगडेसिमल आणि बिगइंटिजर हे इम्युटेबल म्हणून वापरले जातात, पण दोन्ही फायनल नाहीत. परक्या कोडकडून बिगडेसिमल घेताना तो नेमका त्याच क्लासचा आहे की नाही हे पाहावे, नसल्यास नवा बनवावा. घरच्याच कोडमध्ये इतकी काळजी मी घेत नाही.

थ्रेडसंबंधीची बाजू थोडी खोल आहे. २००४ सालच्या जावा ५ मध्ये मेमरी मॉडेल (एका थ्रेडचे बदल दुसऱ्याला केव्हा दिसतात याचे नियम) सुधारले गेले, तेव्हापासून फायनल फील्डला एक विशेष हमी आहे: कन्स्ट्रक्टर पूर्ण झाल्यानंतर ऑब्जेक्ट कोणत्याही मार्गाने दुसऱ्या थ्रेडला दिसला, अगदी सिंक्रोनायझेशन (थ्रेडमधील समन्वय) न करता दिसला, तरी त्याची फायनल फील्ड योग्य मूल्यांसह दिसतात. ही हमी मुख्यतः एका गोष्टीने मोडते, ती म्हणजे कन्स्ट्रक्टर संपण्यापूर्वी धिस (बनत असलेला ऑब्जेक्ट स्वतः) बाहेर देणे. आमच्या खात्याचा कन्स्ट्रक्टर शेवटच्या ओळीत स्वतःची नोंद एका लिसनरच्या (घटना कळवून घेणाऱ्यांच्या) यादीत करीत होता. शेवटची ओळ असली तरी कन्स्ट्रक्टर तोवर संपलेला नसतो. वर्षातून दोनतीनदा दुसऱ्या थ्रेडला मुद्दल नल दिसे आणि त्याचे कारण कोणालाच उमगत नसे. नोंदणी स्टॅटिक मेथडमध्ये, ऑब्जेक्ट तयार झाल्यानंतर हलवली आणि तो प्रकार थांबला. जावा २१ पासूनच्या कंपायलरमध्ये धिस-एस्केप या नावाची लिंट (संशयास्पद कोड दाखवणारी) सूचना आहे. ती चालू केली असती तर हे बहुधा केव्हाच दिसले असते.

रेकॉर्ड आला म्हणून निश्चिंत होऊ नये

मार्च २०२१ च्या जावा १६ मध्ये रेकॉर्ड (फक्त माहिती वाहणाऱ्या क्लासचे आटोपशीर रूप) पक्के झाले आणि जावा १७ वर गेल्यावर आमच्याकडे सर्व क्लासचे रेकॉर्ड करण्याची लाट आली. रेकॉर्डची फील्ड प्रायव्हेट आणि फायनल असतात, रेकॉर्ड स्वतः फायनल असतो, इक्वल्स आणि हॅशकोड आयते मिळतात. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु वर सांगितलेल्या पाटी आणि सामानाच्या प्रश्नाला रेकॉर्ड हात लावत नाही. लिस्ट दिली तर तो तीच लिस्ट ठेवतो आणि तीच परत देतो. प्रत काढायची तर संक्षिप्त कन्स्ट्रक्टर लिहावा, आणि त्यात धिसच्या फील्डला मूल्य देण्याचा प्रयत्न करू नये, कंपायलर तो नाकारतो. पॅरामीटरलाच नवे मूल्य द्यावे, म्हणजे "हप्ते = लिस्ट.कॉपीऑफ(हप्ते)" एवढी एक ओळ; फील्ड त्यानंतर आपोआप भरली जातात. रेकॉर्डमध्ये अ‍ॅरे ठेवणे शक्यतो टाळावे, कारण आयती मिळालेली इक्वल्स अ‍ॅरेतील मजकूर न पाहता फक्त रेफरन्स ताडून पाहते. ठरावीक कोड आपोआप लिहिणाऱ्या लोम्बोकच्या व्हॅल्यू या अ‍ॅनोटेशनचीही तीच कथा आहे: क्लास आणि फील्ड फायनल होतात, प्रती मात्र निघत नाहीत.

रेकॉर्डचा एक फायदा मात्र खरोखर मोठा आहे. साध्या क्लासचा सीरियलायझेशनमधून (बाइट्समध्ये साठवलेल्या रूपातून) ऑब्जेक्ट बनताना त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही, त्यामुळे तेथे लिहिलेल्या प्रती आणि पडताळण्या बाजूलाच राहतात. रेकॉर्ड मात्र आपल्या मुख्य कन्स्ट्रक्टरमधूनच पुन्हा बनतो. जेसन या मजकुरी स्वरूपातून ऑब्जेक्ट बनवतानाही हेच तपासावे. जीसन या ग्रंथालयाला आर्ग्युमेंट नसलेला कन्स्ट्रक्टर सापडला नाही तर ते जावाच्या आतल्या अनसेफ या साधनाच्या मदतीने कन्स्ट्रक्टर टाळूनच साध्या क्लासचा ऑब्जेक्ट उभा करते. जॅक्सन या दुसऱ्या ग्रंथालयाला कोणता कन्स्ट्रक्टर वापरायचा हे अ‍ॅनोटेशनने सांगितले की ते शिस्तीत वागते. जेपीएची (ऑब्जेक्ट आणि डेटाबेस जोडणाऱ्या प्रमाणाची) एन्टिटी, म्हणजे डेटाबेसमधील नोंदीचा क्लास, मात्र इम्युटेबल करण्याच्या फंदात पडू नये; प्रमाणच आर्ग्युमेंटविरहित कन्स्ट्रक्टर मागते आणि फायनल क्लासला मनाई करते. एन्टिटी डेटाबेसच्या उंबरठ्यावर ठेवावी आणि तिच्यातून इम्युटेबल खाते बनवून ते आत पाठवावे.

हे सारे हाताने तपासणे कंटाळवाणे आहे, म्हणून बिल्डमध्ये स्पॉटबग्ज हे कोड तपासणारे साधन लावावे; आतला बदलता ऑब्जेक्ट बाहेर देणे आणि बाहेरचा आत ठेवणे, या दोन्हींवर ते बोट ठेवते. त्याशिवाय प्रत्येक अशा क्लाससाठी मी एक हल्लेखोर चाचणी लिहितो. ती कन्स्ट्रक्टरला अ‍ॅरेलिस्ट देते, नंतर ती लिस्ट रिकामी करते, गेटरकडून मिळालेल्या प्रत्येक ऑब्जेक्टवर सापडतील त्या सर्व बदलाच्या मेथड चालवते, आणि शेवटी खात्याचे हॅशकोड आणि टूस्ट्रिंग (मजकुरी रूप) पहिल्यासारखेच आहे की नाही ते पाहते.

उलट बाजूची तक्रार

आता ती राहिलेली तक्रार. वितरण दिनांक लोकलडेट झाल्यावर पुढच्याच महिन्यात थकबाकी अहवालात बाराही हप्त्यांची तारीख एकच, ३१ जानेवारी, छापली गेली. ज्याने लूप बदलला त्याने सेटमंथच्या जागी प्लसमंथ्स लिहिले, पण परत आलेले मूल्य कोठेच ठेवले नाही. इम्युटेबल ऑब्जेक्ट स्वतः बदलत नाही, नवा ऑब्जेक्ट परत देतो. तो न घेतल्यास काहीच घडत नाही आणि कोणी ओरडतही नाही. बिगडेसिमलच्या अ‍ॅडचे आणि स्ट्रिंगच्या रिप्लेसचे असेच होते. इंटेलिजेची "परत आलेले मूल्य वापरलेले नाही" ही सूचना अशा वेळी इशारा म्हणून न ठेवता चूक म्हणून धरावी.

मूल्य ठेवले गेले, आणि तरी अहवाल चुकलाच. आता तारखा २८ फेब्रुवारी, २८ मार्च, २८ एप्रिल अशा येत होत्या, कारण लोकलडेट ३१ जानेवारीत एक महिना मिळवताना तारीख महिन्याच्या शेवटच्या दिवसावर आणते, आणि पुढची प्रत्येक फेरी त्या २८ तारखेवरूनच मोजली जात होती. वाटेत बदलत जाणाऱ्या तारखेवर हिशेब करण्याची जुनी सवय ऑब्जेक्ट इम्युटेबल झाल्यावरही लूपच्या व्हेरिएबलमध्ये शिल्लक राहिली होती. वितरण दिनांक आता बदलत नव्हताच, तेव्हा लूपमध्ये प्रत्येक वेळी त्याच मूळ दिनांकात फेरीच्या क्रमांकाइतके महिने मिळवले, आणि अहवाल २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल असा छापू लागला.